ओव्हर म्हणायचं राहिलं

३ फेब्रुवारी, सोमवार

निधीसाठी पवईला जाऊन आले. हाफ डे टाकून! आणि मिळालं काय — खेळ. त्या नमिता मॅडम, म्हणे समुपदेशक. तोंडावर सारखं ते गोड हसू, डोक्यात जातं माझ्या. "निधी मुद्दाम नाही करत. एडीएचडी आहे. तिला थांबायला शिकवायचं, आणि ते खेळातून येतं." म्हणून रोज दहा मिनिटं स्टॅच्यू खेळायचं. मी म्हटलं 'स्टॅच्यू' की तिने पुतळा, 'ओव्हर' म्हटलं की सुटका. हे आम्ही चाळीत खेळायचो! यासाठी पवई?

वर एक पुस्तक. त्यात खारूताई दाणा तोंडात टाकायच्या आधी पाच आकडे मोजते. शाळेने लेखी दिलंय, महिन्याभरात फरक दिसला नाही तर दुसरी शाळा बघा. आठ वर्षांची पोर, आणि मी खारूताई वाचत बसू!

निघताना विचारलं, "घरी कोणी हात उगारतं का?" मी म्हटलं, छे, कोणीच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सात सेकंद. मग सोफ्यावरून उडी आणि माझा चहाचा कप खलास. दिला एक धपाटा.

८ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाई — "आमच्या मिहिरला असलं काही नव्हतं हो." तुमचा मिहिर अजून जेवताना तीनदा उठतो, ते दिसत नाही? आणि मिहिर म्हणतो, "खेळ ना यार, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे." मग तू खेळ ना! नवराही शहाणा, सासूही शहाणी. मरायला मी एकटी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तेवीस सेकंद. नाक खाजवलं म्हणून आउट. खारूताई तिला पाठ झालीये. मलाही. शी!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी वर्गशिक्षिकेचा फोन, वसुधा मिस. मी हॅलो म्हणेपर्यंत निधी ओढणी ओढायला लागली. आई, आई, आई! ओरडले — स्टॅच्यू!! आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मिसची टकळी सुरू. "तुमची मुलगी पाच मिनिटं जागेवर बसत नाही. इतर पालक तक्रार करतात." मी आपली हो मिस, सॉरी मिस. कुठलं तोंड घेऊन भांडू?

बाहेर आले तर निधी हॉलमध्ये तशीच उभी. हात ओढणी धरल्यासारखा पुढे. पाय थरथरत होते. लादीवर पाणी — नाही, पाणी नव्हतं ते.

"आई, तू ओव्हर म्हणालीच नाहीस."

मोबाइलमध्ये बघितलं. कॉल अठरा मिनिटांचा.

आणि मी काय केलं? घातल्या दोन पाठीत! अगं बाथरूमला जायला काय झालं होतं, अक्कल नाही का? ती रडली पण नाही. "मी जिंकले ना?" विचारत होती. मी लादी पुसत बसले, तिच्याकडे न बघता. कशासाठी मारलं, आत्ता लिहितानाही सांगता येत नाहीये. घाबरले होते बहुतेक. लाज वाटते स्वतःची.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नमिता मॅडमचा मेसेज — "कसं चाललंय?" उत्तर दिलं नाही. कसं चालणार! चूक तुमच्या खेळाची.

१६ फेब्रुवारी, रविवार

खेळलो नाही. तिनेही विचारलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दुधाचा पेला गेला, थेट माझ्या ऑफिसच्या फायलीवर. माझा हात वर गेला.

"स्टॅच्यू!"

निधी. डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात, आणि मोठ्याने मोजत होती. एक. दोन. तीन. चार. पाच.

ओव्हर म्हटलं नाही तिने. मी हलले नाही.

ऑफिसात पोचल्यावर नमिता मॅडमना फोन लावला. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत ना, घरी कोणी हात उगारतं का. मी उगारते.