पाटलांच्या नावाची मेल

सोमवार, ४ फेब्रुवारी २००८
हेड ऑफिसातून सबनीसांचा फोन. आमचे आयटी मॅनेजर, भिवंडीजवळचं आमचं पूर्ण्याचं गोडाऊन एकदाही न पाहिलेले. म्हणे स्पॅम फार झालं, आजच मेलच्या गेटवेवर यादी लाव. यादीत नाव असेल त्याच्याच नावावर आलेली मेल आत घ्यायची, बाकीची दारातूनच परत. कल्पना वाईट नाही. पण यादी कुठली? तर पगाराची!

म्हटलं, साहेब, दोन दिवस द्या. इथे कोण कुणाच्या नावावर मेल बघतं ते विचारून घेतो. पाटीलकाका डिस्पॅचवरून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण पार्ट्यांना पत्ता त्यांचाच पाठ. त्या खुर्चीवर जो बसेल तो मेलमध्ये पाटील. सध्या वैशाली गायकवाड पाटील आहे. मेलखाली नावसुद्धा 'पाटील' टाकते बिचारी. ठेकेदाराची माणूस म्हणून तिला स्वतःचा पत्ता नाही. नियम.

सबनीस: "पगाराच्या यादीत नाही तो आपला माणूस नाही. लाव तू."

लेखी कळवलं की घोळ होईल. उत्तर एका शब्दाचं, प्रोसीड. लावली.

मंगळ. ५
वैशालीला सांगितलं, पाटलांच्या पत्त्यावर आता मेल येणार नाही. दिवसभर पार्ट्यांना फोन करत बसली, मेल तूर्त दादांच्या, म्हणजे माझ्या, पत्त्यावर टाका म्हणून. सगळे हो म्हणाले. घसा बसला तिचा.

बुध. ६
स्पॅम गायब. सबनीसांनी सगळ्यांना मेल टाकून स्वतःची पाठ थोपटून घेतली. मी पाटलांच्या पत्त्याचं परत विचारायला फोन केला. साहेब मीटिंगमध्ये. तीनदा मीटिंगमध्ये!

शुक्र. ८
शुक्रवार, भिवंडीत लूम बंद. आम्हाला कसली सुट्टी.

दूध पावडरच्या पार्टीचा फोन. नुसता आरडाओरडा. "होल्ड की मेल कल भेजी, फिर माल कैसे निकला?" एका बॅचच्या डब्यांची सीलं सैल निघालेली. लहान बाळांची पावडर! गाडी सकाळीच नाशिकला सुटलेली. ड्रायव्हरला फोन लावून लावून शेवटी कसाऱ्याच्या अलीकडे गाडी थांबवली वैशालीनेच. वाचलो.

मग गेटवेचा लॉग, म्हणजे आल्यागेल्या मेलची नोंद, काढला. मेल काल दुपारी आली होती. गेटवेने परत पाठवली, असा युजर नाही म्हणून. होल्डची मेल त्यांच्या सिस्टिममधून आपोआप सुटते, तिच्यात पत्ता जुनाच राहिलेला. परत गेलेली मेल तिकडे कोणी वाचतच नाही. माणसांना सांगून झालं होतं, सिस्टिमला कोण सांगणार.

सोम. ११
तळपायाची आग मस्तकात गेलीय.

हेड ऑफिसचा रिपोर्ट आला. 'मेल पोहोचली होती. ऑपरेटर वैशाली गायकवाड यांनी पाहिली नाही.' ठेकेदाराने तिला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नको. घरात कमावती ती एकटी. आईला दम्याचा त्रास, भाऊ कॉलेजात.

सबनीसांना फोन केला. "साहेब, लॉगमध्ये रिजेक्ट दिसतंय."
"लॉग जोडायची गरज नाही."
"अहो, पण मेल आलीच नाही ना तिला!"
"ती आपली माणूसच नाही, तुला एवढं काय पडलंय?"

म्हणजे मेल नाकारायची तेव्हा ती कोणी नाही, आणि खापर फोडायचं तेव्हा ऑपरेटर! लाज कशी वाटत नाही या लोकांना.

मंगळ. १२
जेवणाच्या सुट्टीत पाटीलकाकांच्या घरी. गावातच आहेत. ऐकून आधी खो खो हसले. "दोन वरसं माझ्या नावानं माल सुटतंय? मंग पगार मना का नाय?" मग म्हणाले, "पोरीनं काम केला ता माझे नावावर. न् मार खाल्ला ता सोताचे. माझा नाव काढ रं तिथून."

संध्याकाळी लॉग, माझी चार तारखेची मेल, सबनीसांचं प्रोसीड, सगळं डायरेक्टरांना पाठवलं. सबनीसांना कॉपी. गेली नोकरी तर गेली.

गुरु. १४
सबनीसांचा आवाज एकदम साखर. "पाटीलचा पत्ता यादीत परत टाक, तिला बोलाव, विषय संपव."
रिपोर्टाचं काय? "तो गेला आता पुढे. जाऊ दे ना."

वैशालीला फोन केला. वाटलं, खूश होईल. तिने उलट विचारलं, "दादा, रिपोर्टात माझं नाव आहे ना? आडनावासकट?"
हो म्हटलं.
"मग मेलही त्याच नावाने येऊ दे. पाटील म्हणून मी परत बसणार नाही."
म्हटलं, विचार कर, घरचं बघ. "घरचं बघूनच बोलतेय."

शनि. १६
सबनीस: "नखरे कसले हे? दुसरी बघ." डायरेक्टरांचं अजून काही नाही. दुसरी बघ म्हणे, खुर्चीचं कव्हर आहे का ती!

दुपारी गेटवेवर तिचं नाव टाकलं. वैशाली गायकवाड, अॅक्सेप्ट. कोणालाही विचारलं नाही. बाहेरून एक मेल टाकून पाहिली, निमूट आत घेतली.

सोमवारी सबनीस इथे येतायत. वैशालीला कळवलं, तर म्हणे, "मीपण येते. समोरासमोर बोलते."

ये म्हटलं खरं. पण ठेकेदाराने तिचा गेटपास जमा करून घेतलाय, आणि पासाशिवाय वॉचमन कोणालाच आत सोडत नाही.