भिंगरीने गाळलेली ओळ

६ जून

चि. लेकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या पत्राचं उत्तर द्यायला विसरलीस, जाताना चष्मा न्यायला विसरलीस. आपल्याला एक आई आहे, एवढं तरी लक्षात आहे ना? चष्मा पार्सलने येतोय. तो लाव आणि हे बसून वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू वॉर्डातच रडू लागली असतीस आणि कुणा बिचाऱ्याला नको तिथे सुई टोचली असतीस. माझी नेहमीची लेखनिक तुझी लेक भिंगरी. पण आजचा विषयच तिचा, म्हणून खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका लिहितायत.

आधी हे ऐक, पोरगी सुखरूप आहे.

टॅबवरच्या त्या घरं बांधायच्या खेळात तिला एक मैत्रीण मिळाली. चित्र सशाचं, वय म्हणे नऊ. भिंगरी माझ्या शेजारीच बसून खेळते, कारण मला वाचता येत नाही, म्हणजे मी भिंतच. पण या भिंतीला घरात आलेलं सगळं मोठ्याने वाचून घ्यायची सवय आहे, विजेचं बिल असो की सशाचा निरोप. परवा वाचता वाचता ती एका ओळीवर अडखळली आणि पुढे गेली. अगं, जन्मभर लोकांनी मला पत्रं वाचून दाखवलीत. नको त्या ओळी कशा गाळतात, ते मला ऐकू येतं. तुझ्या वडिलांच्या आजाराची ओळ तूही अशीच गाळली होतीस. मी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

ओळ अशी होती, की दार लावून एकटीचा फोटो काढ, मला पाठव, आणि घरी सांगितलंस तर आपली मैत्री संपली.

फोटो तिने पाठवला नव्हता. शाळेचं नाव मात्र सांगून बसली होती. पोर घाबरली होती, पण सशाला नव्हे. टॅब जाईल आणि तू रागावशील म्हणून. मी तिला शब्द दिला, की खरं सांगितल्याबद्दल या घरात शिक्षा होणार नाही. शिंपीकाकांनी निरोप पुसू दिले नाहीत. आधी त्यांचे फोटो काढून ठेवले, मग सशाची वाट बंद केली. उद्या पोलीस चौकीत जातोय. शाळेशी तू बोल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

१२ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

चष्मा मिळाला. पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग जिन्यात जाऊन बसले. शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुठे वाच्यता करू नका, शाळेचं नाव खराब होतं आणि मुलीला चिडवतात ते वेगळंच. चौकीत गेली नसशील तर जाऊ नकोस. टॅब कपाटात टाकून कुलूप लाव. भिंगरीला सांग, मी फार रागावलेय. अनोळखी माणसाशी बोलू नकोस म्हणून किती बजावलं होतं! तुझा हट्ट मला ठाऊक आहे, पण या एकदा माझं ऐक.

आहे तशीच माया असू दे.

तुझी लेक

१७ जून

चि. लेकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ऐकणार नाही. पहिल्याच ओळीत सांगते, शोधत बसायला नको.

हे पत्र भिंगरीच लिहितेय. तुझंही तिनेच वाचलं. तू रागावल्याची ओळ गाळली, मी वाचायला लावली, रडली. मी तिला सांगितलं, तुझी आई घाबरली की रागावते, जुनी खोड आहे. मांजर हरवलं होतं तेव्हा सापडल्याबरोबर त्यालाच झोडपायला निघाली होती.

अनोळखी म्हणतेस, पण तिच्या लेखी ससा अनोळखी कुठे होता? रोज येऊन तिच्या घराला खिडक्या बसवून देत होता. आज सांगितलं म्हणून टॅब काढून घेतला, तर उद्या ती खेळायचं थांबणार नाही, सांगायचं थांबेल. मी दिलेला शब्द मोडणार नाही. टॅब बाहेरच्या खोलीत, परक्यांचे निरोप बंद, आणि जे येईल ते मोठ्याने वाचायचं, एवढं आमचं ठरलंय.

चौकीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी तक्रार नीट लिहून घेतली. मुख्याध्यापिका घरी आल्या, चहा न घेता गप्प राहायचं महत्त्व सांगू लागल्या. मी म्हटलं, बाई, शाळेचं नाव त्या सशाला माहीतच आहे, आता लपवायचं ते कोणापासून? त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने बाकावरच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती पोर रडायला लागली. ससा तिच्याशीही बोलत होता, आणि तिने फोटो पाठवला होता. काल तिच्या आईला घेऊन मी पुन्हा चौकीत गेले. गप्प बसलो असतो तर ती पोर अजून एकटीच घाबरत बसली असती. आता मला गप्प राहायला सांगू नकोस.

रविवारी वर्गातल्या सगळ्या आयाबापांना घरी बोलावलंय. मुख्याध्यापिकांनाही निरोप धाडलाय. नाही आल्या तर त्यांची खुर्ची रिकामी ठेवणार, मधोमध. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर पोरीला दोन शाबासकीच्या ओळी लिही. त्या ती गाळणार नाही.

रागावलीस तरी माया कर.

तुझी आई

ता. क. रविवारच्या मंडळींसाठी इस्पितळासमोरच्या बेकरीतली खारी बिस्किटं मोठा डबा भरून पाठव. गोड नकोत. गोड खाल्लं की माणसं सगळ्याला हो म्हणतात आणि घरी जातात.