काळ्या डबीचं बटण

२ नोव्हेंबर, सकाळ
दौरा सुरू. व्हॅनमध्ये चौघे. मी, म्हणजे गायक, गिटारवादक, गीतकार आणि संगीतकार. ताई कीबोर्डवर, शिवाय मागून जरा आवाजाची साथ. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, गाडी चालवतात आणि साउंड बघतात. चौथा ड्रमर. त्याला सगळे मुनी म्हणतात, कारण तो बोलत नाही, नुसता हसतो. कशाला हसतो ते या दौऱ्यात शोधून काढायचंय.
संकल्प: रोज रियाज. थंड पाणी बंद. कुणावरही डोळे मिटून विश्वास नाही.
शेवटच्या गावी एका मोठ्या सभागृहाचे मॅनेजर आम्हाला ऐकायला येणार आहेत. पसंत पडलो तर पुढचं सगळं वर्ष बुक. नाही पडलो तर गाणं बंद करून सासऱ्यांच्या रंगाच्या दुकानात बसेन, असा बायकोला शब्द दिलाय. शब्द ऐकून ती फारच खूश झाली. कुठेतरी पाणी मुरतंय.

३ नोव्हेंबर
पहिला कार्यक्रम, लायब्ररीचा हॉल. माझा आवाज मलाच ऐकू येईना. दुसऱ्या गाण्यात मध्येच थांबलो आणि माइकवरून भाऊजींना सांगितलं, आवाज वाढवा. पुढच्या गाण्यात परत थांबलो. मग परत. कलाकाराने स्पष्ट असावं. शेवटी पहिल्या रांगेतले एक आजोबा मागे वळून भाऊजींना म्हणाले, अहो, वाढवा एकदाचा, आणि होऊ द्या काय व्हायचंय ते. लोकांना माझ्याबद्दल किती तळमळ आहे.
रियाज राहिला. हॉटेलच्या भिंती पातळ आहेत.

४ नोव्हेंबर, दुपार, पेट्रोल पंप
ताई आणि भाऊजी व्हॅनच्या मागे कुजबुजत होते. मी गेलो तर गप्प. ताईने एकदम विचारलं, चहा घेणार का रे? ताईने आपणहून चहा विचारला की समजावं. लहानपणी माझी सायकल हँडल वाकेपर्यंत आपटून आणली तेव्हाही तिने आधी चहाच विचारला होता.
घेतला. बरा होता. तरी संशय कायम.

५ नोव्हेंबर
भाऊजींनी आज माझ्या माइकच्या स्टँडला एक काळी डबी बसवली. वर गोल बटण, खालून वायर. म्हणाले, आता तुझा आवाज तुझ्या हातात. हवा तेवढा वाढव, फक्त गाणं थांबवू नकोस.
साउंडचेकला फिरवून पाहिलं. काय फरक! थोडं उजवीकडे फिरवलं की आवाजाला गोलाई येते. आणखी फिरवलं की धार. मुनीला विचारलं, फरक जाणवला का? हसला.
म्हणजे इतके दिवस भाऊजी माझा आवाज दाबत होते हे सिद्ध झालं. माफ केलं. नात्यातला माणूस.

७ नोव्हेंबर
हॉटेलच्या तळघरातला कार्यक्रम. बटण पूर्ण उजवीकडे. बहार!
एकच खटकलं. ताई साथ देता देता माझ्याच ओळी माझ्याच सुरात गात होती. विचारलं तर म्हणाली, तुझ्या आवाजाला आधार. माझ्या आवाजाला? तो काय म्हातारा झालाय? जरा हळू गात जा, असं गोडीत सांगितलं. ‘बरं’ म्हणाली. ताई इतक्या लवकर बरं म्हणणाऱ्यांतली नाही.
नंतर दोन बायका स्टेजपाशी आल्या, मला ओलांडून थेट ताईकडे गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन बोलत बसल्या. मला भेटायला लाजल्या असणार.

८ नोव्हेंबर
धोका! काल तळघरात मागे मफलर गुंडाळून एक माणूस उभा होता, तो मफलरवाला आज या गावातही हजर. कार्यक्रमभर भाऊजींच्या मिक्सरशेजारी उभा. हातात फोन, फोन वर धरलेला. म्हणजे रेकॉर्डिंग. हा दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपचा माणूस आहे आणि माझी नवी गाणी उचलायला आलाय, हे शेंबडं पोरही सांगेल.
ताई म्हणाली, अरे, कुणाला तरी आवडतंय म्हणून तो परत आलाय, आनंद मान की. आवडतंय म्हणूनच तर चोरणार ना? न आवडलेलं कोण चोरतं?

९ नोव्हेंबर, सकाळ
योजना तयार. मफलरवाला दिसला की शब्द बदलून गायचे, नवं गाणं तर नुसतं गुणगुणायचं. चोराच्या हाती भुसा. ताईला सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.
रियाज राहिला, योजनेमुळे.

१० नोव्हेंबर
मफलरवाला आला. योजना शंभर टक्के यशस्वी. शब्द गिळले, सूरही चुकवले. काही मुद्दाम, काही आपोआप.
पण ताईने घात केला. मी गुणगुणायला लागताच तिने अख्खं नवं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं, म्हणून टाकलं. मफलरवाल्याने तर फोन खाली ठेवला आणि डोळे मिटून ऐकलं. व्हॅनमध्ये जाब विचारला. म्हणाली, तू विसरलास असं वाटलं म्हणून सावरून घेतलं. मी आणि विसरणार!
बायकोचा फोन. दुकानात काउंटरला नवी खुर्ची आणलीय म्हणे, चाकांची. कुणासाठी ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
शेवटचं गाव. आज मॅनेजर येणार, म्हणून मी स्वतः सगळं तपासायचं ठरवलं. डबीच्या वायरचा माग काढला. सतरंजीखालून निघते, ड्रमच्या मागे जाते आणि तिथे तिचं टोक टेप लावून चिकटवलंय. कशातच जोडलेलं नाही!
घातपात. नेमकी आजच्या दिवशी कुणीतरी उपटून ठेवली. मुनी तिथेच उताणा झोपला होता, झोपेतही हसत होता.
आरडाओरडा केला नाही. वायरी जोडायच्या पेटीत एकही जागा रिकामी नव्हती. मग एक जुनाट, बिनकामाची दिसणारी वायर काढली आणि तिथे माझी खोचली. आता बघूच.

१३ नोव्हेंबर, सकाळ
लिहायला नको वाटतंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे.
ती जुनाट वायर ताईच्या माइकची होती.
पहिलं गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून नुसती घरघर. भाऊजींनी ती लाइन बंद केली. घरघर गेली, पण ताईचा आवाजही गेला. मग भाऊजींनी नाइलाजाने एकच गोष्ट केली. माझा आवाज वाढवला. खरोखरचा.
मी बटण उजवीकडे फिरवून वरचा सूर लावला होता. अख्ख्या दौऱ्यात पहिल्यांदा मी स्वतःला मोठ्या स्पीकरमधून ऐकलं. तेल न घातलेली बिजागरी. आधी वाटलं, दुसराच कुणी गातोय. मग दुसरं कुणी नाही हे कळलं. हॉलमध्ये कुणी ओरडलं नाही, उठूनही गेलं नाही. लोक फक्त खाली बघायला लागले. ते फार लागलं.
कडवं संपलं तेव्हा माइक स्टँडवरून काढला आणि ताईच्या हातात दिला. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, गा गं. ती गायली. गाणी माझीच, पण ती इतकी चांगली आहेत हे मलाही माहीत नव्हतं. लोकांनी माना वर केल्या.
पहिल्या रांगेत मधोमध मफलर. तेच मॅनेजर. मॅनेजर ऐकतायत हे आधी कळलं की कलाकार वेगळं वाजवतात, म्हणून ते न सांगता आधीच्या गावांतही येऊन ऐकतात, असं भाऊजी म्हणाले. तुम्हाला माहीत होतं का, असं विचारलं. भाऊजींना अचानक गाडीचं टायर तपासायचं आठवलं.

१४ नोव्हेंबर, सकाळी ८
ताईने आपणहून चहा विचारला. म्हटलं, आधी सांग.
मॅनेजरांचा फोन आला होता. वर्षभराचं बुकिंग पक्कं. ताई गाणार. त्यांनी विचारलं, ते माइकपाशी उभे राहतात त्यांची गरज आहे का? ताई म्हणाली, गाणी सगळी त्याची आहेत, तो नसेल तर आम्हीही नाही. शेवटी ठरलं: मी गिटार. माइक नाही.
चहा घेतला. 
बायकोला कळवलं. म्हणाली, बरं झालं, पण खुर्ची परत करत नाही. तिला काय माहीत आहे कोण जाणे.

१ डिसेंबर, संध्याकाळी ५
मोठं सभागृह. माझ्यापुढे गिटारची नोटेशन ठेवायचा स्टँड. भाऊजींना म्हटलं, ती डबी तेवढी याला बसवा. त्यांनी काही न विचारता बसवली.
आत काही नाही हे मला ठाऊक आहे. मी उघडून पाहिलीय. साउंडचेकला ताई गायला लागली तेव्हा सहज, अगदी किंचित उजवीकडे फिरवलं.
ताईचा आवाज लगेच खुलला.
मुनी हसला. हसू दे.