ग्रीक म्हसोबा

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तिकडून पहिलं काय आलं, तर हुकूम. हैद्राबादचं जुनं सर्टिफिकेट असलेल्या ड्रॉइंग मास्तरांनी २८ एप्रिलला परभणीला नवी परीक्षा द्यायची. नापास किंवा गैरहजर, तर जूनपासून घरी बसा.

म्हणजे इतकी वर्षं राणीसावरगावच्या पोरांना मी काय शिकवलं? पतंग उडवायला?

हेडमास्तर व्यंकटराव म्हणाले की वैजीनाथराव, मनावर घ्या, मला तुम्हाला वाचवता येणार नाही. मी म्हणालो, बेफिकीर राहा.

निश्चय: उद्यापासून रोज पहाटे फ्रीहँड. तांब्या, वांगी, पडद्याच्या चुण्या. चुण्या फार विचारतात म्हणे.

४ फेब्रुवारी

पहाटे थंडी होती.

संध्याकाळी तांब्या मांडून बसलो. तेवढ्यात नर्मदा तो तांब्या पाण्याला घेऊन गेली. तांब्याच नाही तर काढू काय? कपाळ!

दुपारी व्यंकटरावांनी शाळेची पाटी रंगवायला लावली. उर्दू पुसून मराठी. मास्तर, अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणाले. अक्षर काय, पेंटरही काढतो. मी आर्टिस्ट आहे. हे या गावाला कळायचं नाही.

नर्मदेचा भाऊ आश्रुबा पूर्णेला रेल्वेत आहे. त्याचा निरोप आलाय की पाट्या रंगवायला माणूस पाहिजे, मेव्हणे येतील का. हसलो. नर्मदा हसली नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

आजची तारीख इतिहासात जाईल.

शाळेच्या वाटेवर, जुन्या सडकेच्या कडेला बाभळीखाली म्हसोबा आहे. रोज बघतो. आज पाहिला. ऊन तिरपं होतं. कमरेएवढी मूर्ती, अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, मान किंचित डावीकडे. खांद्यावरून खाली वस्त्राच्या चुण्या. आणि हात नाहीत!

घरी पळत आलो, पुस्तक काढलं. हैद्राबादच्या गुजरीतून, जुन्या बाजारातून आणलेलं, जगातल्या शिल्पांचं. कव्हर नाही, मधली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे ग्रीक संपले की एकदम चर्चच सुरू होतात. पण ग्रीक शाबूत आहेत. तशाच चुण्या, तशीच मान, आणि एकालाही हात नाहीत. हात कोरायची त्या लोकांत चालच नसावी.

आपला म्हसोबा ग्रीक आहे.

पुस्तकातलं एक वाक्य मी परत अंडरलाइन केलं: कोणतीही कलाकृती तिच्या काळाच्या आणि तिच्या माणसांच्या संदर्भात वाचावी. हे वाक्य या तालुक्यात मला एकट्याला माहीत आहे.

१७ फेब्रुवारी

थिअरी तयार. ग्रीक व्यापारी समुद्रानं आले, पैठणला थांबले, गोदावरीतून नावेनं गंगाखेडला उतरले. बरोबर एक शिल्पकार. इथलं पाणी त्याला बाधलं, सोबती पुढं गेले, तो राहिला. घरच्या आठवणीनं त्यानं ही मूर्ती केली. चेहऱ्यावर जी उदासी दिसते ती म्हणूनच. संदर्भ!

गोजरबाई म्हसोबाची झाडलोट करते, दिवा लावते. तिला विचारलं की मूर्ती कोणी केली. ती म्हणाली, देवाला कोनी करतंय व्हय मास्तर, देव निघतो. आन् घटकाभर काय बघायलाव, देवाला नजर लागती.

मी पुराव्यासाठी चाकूनं थोडा शेंदूर खरवडू का म्हटलं, तर बाई अंगावरच आली. शेंदराचं कवच देवाच्या मनात आलं की आपसूक गळतं, मानसानं हात लावला की घर बसतं, म्हणाली. ठीक आहे. समीक्षकाला हात लावायची गरज नसते.

फ्रीहँड राहिलं. इलेक्शन ड्यूटी लागली आहे, माणूस किती ठिकाणी पुरणार.

२ मार्च

काल अमावस्या झाली. आज सकाळी बघतो तर मूर्तीच्या डाव्या खांद्यावर दोन नव्या चुण्या! आधी कशा दिसल्या नव्हत्या? प्रकाश बदलला. ऋतूप्रमाणे वस्त्र बदलेल अशी योजना त्या शिल्पकारानं केलेली असणार. काय डोकं असेल! सगळं ड्रॉइंग पुन्हा काढलं.

घरी आलो तर नर्मदेची बोटं केशरी. विचारलं, तर लोणच्याची म्हणाली. आत्ता, कैऱ्यांच्या आधी, कसलं लोणचं? बायकांची कामं बायका जाणोत.

घरातलं गोडंतेल संपलंय. कोरडी भाकरी खाल्ली. संशोधकाला त्याग करावाच लागतो.

१४ मार्च

निबंध पुरातन वस्तूंच्या खात्याला पाठवला, ड्रॉइंगसह. शेवटी दरख्वास्त जोडली की आपल्या एखाद्या म्युझियममध्ये सदर इसमास जागा द्यावी. मग कसली परीक्षा आणि कसली वांगी!

साक्षीला आप्पाराव पाटलांची सही घ्यायला गेलो. त्यांनी विचारलं की ग्रीक म्हंजे आपल्यात कोन. मी तासभर सांगितलं. ते म्हणाले, असंल बाबा, परक्या मुलखातून आला तरी आता गावचाच हाय, आन् पावतो बी. सही केली.

७ एप्रिल, रविवार

उत्तर आलं! खात्याचे साहेब दौऱ्यावर गंगाखेडला येणार आहेत, तिथून इकडे येतील. २८ एप्रिल, दुपारी.

नर्मदा म्हणाली, त्या दिशी परीक्षा हाय ना.

मी म्हणालो, परीक्षा ज्यांना ड्रॉइंग मास्तर राहायचंय त्यांच्यासाठी.

ती म्हणाली, अहो, साहेब परत कवा तरी येतील, परीक्षा न्हाई यायची. दोनदा म्हणाली. मग रडली. मलाही वाईट वाटलं. पण त्या ग्रीकाचीही बायको अशीच दारात उभी राहून रडली असेल, असा विचार आला आणि तो निबंधाच्या पुरवणीत घातला.

२१ एप्रिल

ऊन भाजून काढतंय. म्हसोबा अलीकडे भरल्यासारखा दिसतो. नाक ठळक झालंय. ग्रीक नाक. आता शंकाच नको.

सराव नाही. आता करून तरी काय.

२७ एप्रिल, शनिवार

परभणीला जायला आजची मोटार शेवटची.

नर्मदेनं दशम्या करून फडक्यात बांधल्या, पेन्सिली तासून ठेवल्या, माझं धुतलेलं धोतर काढलं. मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा दारात जाऊन उभी राहिली. मोटार गेली.

संध्याकाळी दशम्या मीच खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

२८ एप्रिल, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण तारीख घातली आहे.

साहेब भर उन्हात आले. सगळं गाव बाभळीखाली. मी धोतर-कोट घालून उभा. भाषण पाठ होतं. समुद्र, पैठण, गोदावरी, सगळं व्यवस्थित झालं. साहेब मानेचा घाम पुसत ऐकत होते. मग डाव्या खांद्यावरच्या चुण्यांकडे बोट केलं आणि म्हणालो की इथे कलावंताचा हात दिसतो.

तेवढ्यात तड असा आवाज झाला. मी हात लावला नव्हता. शपथ! खांद्यापासून खालपर्यंत भेग गेली आणि अख्खं कवच पाट्याएवढं सुटून खाली बसलं. नाक, मान, चुण्या, सगळं.

गोजरबाईनं हात जोडले. देवानं अंगावरचं टाकलं, गावावरचं आरिष्ट घेतलं, म्हणून लोळण घेतली. आप्पारावांनी हलगीवाल्याला बोलावणं धाडलं. आत एक दगड उभा होता. चौकोनी, वरून गोल. साहेब खाली बसले, रुमालानं पुसलं. अक्षरं होती. उर्दू.

साहेबांनी विचारलं की हे कोणी वाचेल का. मी पायाकडे बघत होतो. व्यंकटराव मोठ्यानं म्हणाले की आमचे मास्तर वाचतील, उर्दू त्यांचं पहिल्यापासून पक्कं आहे.

मी वाचलं. गंगाखेड, बारा मील.

साहेबांना ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा, मोठ्यानं वाचलं.

मैलाचा दगड. निजामाच्या जुन्या सडकेचा.

साहेब माणूस वाईट नव्हता. हसला नाही. म्हणाला, यालाही त्याच्या काळाच्या संदर्भात बघावं लागेल. वाक्य माझंच होतं. मग चहा पिऊन जीपमधून गेला. दरख्वास्तीचा विषय मी काढला नाही.

परभणीत त्या वेळी पेपर सुटत असेल.

२९ एप्रिल

गावाला काहीच झालं नाही! सकाळी हलगी लावून, कवच बैलगाडीत घालून गोदावरीत सोडायला निघाले. दगडाला नवा शेंदूर लागला. मैलाचा दगड आहे, मी सर्वांदेखत वाचलाय, असं आप्पारावांना म्हणालो. ते म्हणाले, आवो, देवानं कोसाचा हिशोब सांगितला तर त्यात देवाचं काय कमी झालं?

मी विचारलं, मग कवच इतकं अचानक का गळलं. गोजरबाई म्हणाली, वजन झालं मास्तर. मास्तरीणबाई लय चढवायल्या होत्या. दर अमावास्येला, आन् ह्या महिन्यात तर एक दिस चुकवला न्हाई. तुमची नोकरी ऱ्हावी म्हनून नवस हाय त्यांचा. तुमाला ठाव न्हाई व्हय?

मला ठाऊक नव्हतं.

डाव्या खांद्यावरच्या चुण्या नर्मदेच्या होत्या. नाकही तिचंच. मी त्यांची ड्रॉइंगं काढली, खात्याला पाठवली.

घरी गेलो. जेवलो. तिनं विचारलं, नोकरीचं साहेब काय म्हणाले. विचार करून कळवतो म्हणाले, असं सांगितलं.

१५ जून

शाळा सुरू. माझ्याशिवाय. व्यंकटरावांनी हाताला धरून फाटकापर्यंत सोडलं. पाटीवर माझी अक्षरं अजून छान दिसतात.

निश्चय: पुढच्या वर्षीची परीक्षा. चौकशी केली. पुढच्या वर्षी नाही.

पुस्तक पोरांना देऊन टाकावं म्हटलं. कोणी घेतलं नाही. हात नसलेली माणसं बघून पोरं भितात.

७ जुलै, पूर्णा

आश्रुबाच्या घरी, मागच्या खोलीत. मेव्हण्याच्या घरी राहायची पाळी आली, आणखी काय लिहायचं.

स्टेशनची कमान चर्चच्या पानावरच्या कमानीसारखी वाटली. ती बांधणाऱ्या माणसाबद्दल... राहू दे.

२१ जुलै

काम मिळालं. लाइनीच्या कडेला मैलांचे खांब आहेत, त्यांना पांढरा हात मारायचा आणि वर काळ्या रंगात आकडा काढायचा. डबा, ब्रश, आणि चालत राहायचं. मुकादम म्हणाला, आकडा लय झ्याक काढता.

मैलाचे दगड! हसावं की काय करावं कळेना, म्हणून दोन खांब जास्त रंगवले.

४ ऑगस्ट, रविवार

स्टेशनाबाहेरचा पहिला खांब काल मीच रंगवला. आज तिकडून जाताना बघितलं. आकड्याखाली शेंदराची बोटं ओढलेली, तेलाचा ओघळ, समोर उदबत्ती. पांढऱ्या रंगाची पार वाट लागली आहे. मुकादम माझ्यावर ओरडेल.

चिंधी काढली, पुसायला खाली बसलो. ओघळ अजून ओला होता. नुकती जरा चुणी पडायला लागली होती.

पुसलं नाही. तसाच घरी आलो.

नर्मदा भाकरी थापत होती. बोटं केशरी. मी विचारलं, लोणच्याची का.

हो, म्हणाली, लोणच्याची.