चष्मा नसलेली आई

सोमवार, ४ मार्च

—आणि शेवटी आई त्या उंच स्टुलावर बसली. कॉलेजचं मॉडेल आजारी, व्यक्तिचित्राची परीक्षा आजच. सर म्हणाले, घरातलं कोणी येईल का? आईचं शिवणाचं दुकान मागच्याच गल्लीत. अर्धा दिवस बंद केलं तिनं. वाटेत म्हणाली, "खासगी कॉलेज म्हणे. बसायला माणूससुद्धा आपणच आणायचं!"

काचा चमकत होत्या म्हणून सरांनी तिला चष्मा काढायला लावला. तीन तास. बाराजणांत माझं चित्र सगळ्यांत आधी पुरं.

सुटल्यावर आईनं चष्मा घातला आणि चित्रं बघत फिरली. "खांदे सरळ केलेत सगळ्यांनी. माझा उजवा उतरता आहे. कपडे बेतताना अर्धा इंच कमी धरते मी." सरांनी डोळे बारीक करून पाहिलं. "खरंच की." मग बाराही जण खोडत बसलो. वर्षभरात इतकी मजा आली नव्हती.

मंगळवार, ५ मार्च

नापास.

"चष्मा कुठून आणलास?" सर म्हणाले.

मी आईला चष्म्यासकट रेखाटलं होतं. काड्या, नाकावरची सावली, सगळं. काल कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चित्रं बघणाऱ्या आईच्या डोळ्यांवर तो होताच. वर्ग हसून हसून लोळला. मीही. सर म्हणाले, "तू बघितलंच नाहीस. घरून पाठ करून आलीस." पुढच्या सोमवारी पुन्हा. मॉडेल तेच.

हसू नंतर ओसरलं. आमचं ठरलंय: या पहिल्या वर्षी पास झाले तर पुढची तीन वर्षं कॉलेज चालू, नाहीतर आईबरोबर दुकानात. तिला एकटीला काम झेपत नाही. म्हणजे जिच्याशिवाय मी पास होणार नाही, तिलाच मी नापास झालेली सोयीची.

घरी सांगितलं. "चष्म्याशिवाय आई ओळखू येत नाही, असं म्हण की." येईन, येणार नाही, काहीच बोलली नाही.

बुधवार, ६ मार्च

मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

शनिवार, ९ मार्च

चार दिवस कॉलेजातच. दुकानाकडे फिरकलेही नाही. दिसेल त्याला रेखाटते. कँटीनवाल्या काकू म्हणाल्या, "हनुवटी एकच दाखव हं, बाळ." शिपाई झोपेत उत्तम बसतो.

सोमवार, ११ मार्च

आई माझ्याआधी दहा मिनिटं हजर!

परकी बाई आहे असं धरून बघितलं. डाव्या पापणीवर तीळ. हनुवटीखाली जुना व्रण. एकोणीस वर्षं रोज समोर, आणि मला माहीत नाही. मधल्या सुट्टीत विचारलं.

"तू दीड वर्षाची होतीस. मांडीवर उसळलीस. तुझं डोकं, माझी हनुवटी."

घरी पाच मिनिटं एका जागी न टिकणारी बाई तीन तास हलली नाही. चित्र चांगलं झालंय. माझं मला कळतंय. निकाल बुधवारी.

मंगळवार, १२ मार्च

सकाळी दुकानात गेले. आईच्या शेजारी एक बाई पँटची दुमड शिवत बसल्या होत्या. आईनं मान वर केली नाही. कधीपासून येता, मी त्यांना विचारलं.

"गेल्या बुधवारपासून. ताई म्हणाल्या, मुलीला अजून तीन वर्षं वेळ नाही."

निकाल उद्या आहे.