कोऱ्या वाळूचा अहवाल

प्रिय धाकट्या,

खाणीत टंगस्टन नाही. सोनं आहे, पण तेवढ्यावर खाण पुन्हा सुरू होणार नाही. आमचे साहेब उद्या सगळ्यांना सांगतील. तुला ते माझ्याकडून कळायला हवं म्हणून लिहिते आहे. सामान बांधायला घेतलं असशील तर थांब.

चूक माझ्या दळणखोलीत झाली. जमिनीत भोकं पाडून काढलेले दगड आम्ही पिठासारखे दळतो आणि ते पीठ प्रयोगशाळेत जातं. उन्हाळ्यात दळणाच्या पोलादी भांड्याला तडा गेला. नवं मीच मागवलं, सगळ्यांत टणक म्हणून. ते टंगस्टनच्याच मिश्रणाचं निघालं. दगडाबरोबर तेही कणाकणाने झिजत होतं आणि आम्ही आमचंच भांडं मोजून खूश होत होतो. रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला हे सुचू नये! निकाम्या दगडातही टंगस्टन सापडायला लागलं तेव्हा कुठे शंका आली. मग मी धुतलेली कोरी वाळू, जिच्यात कुठलाच धातू नसतो, त्याच भांड्यात दळून पाठवली. तिच्यातही निघालं. आज हे कळल्यावर भोकं पाडणारा मिस्त्री म्हणाला, "बाई, मग खाण कशाला? वाळूच्या ढिगावरच पाटी लावा की!" आणि एकटाच हसला. गेल्याच महिन्यात त्याने खाणीसमोरची बंद खानावळ बायकोसाठी भाड्याने घेतली आहे.

खाण सुरू होणार म्हणून आपल्या गल्लीत चार घरांची कुलपं निघाली होती. तुझ्या खोलीला मीही रंग लावून घेतला. खाण बंद झाली त्या दिवशीही बाबा डबा घेऊन निघाले होते, आठवतं? फाटकापासून परत आले आणि आईला म्हणाले, "आज लवकर सुटलो." पुढची सोळा वर्षं, घरच्या ओट्यावर बसून, ते लवकरच सुटलेले होते. मुलांना घेऊन तू त्याच ओट्यावर येऊन बसू नयेस.

पण हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तू फोनवर विचारलंस, "ताई, नक्की ना? देऊ राजीनामा?" मी म्हणाले, "दे की, घोडं कुठे अडलंय?" तेव्हा वाळूचा अहवाल येऊन चार दिवस झाले होते. तो माझ्या टेबलाच्या खणात होता. पुन्हा तपासून बघू, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं. एकदा तू इथे आलास की परत जाणार नाहीस, एवढंच मला दिसत होतं. बावीस वर्षं या घरात मी एकटी जेवते आहे. माफ कर म्हणत नाही. तुझ्या साहेबांचे पाय धर, राजीनामा परत मिळतो का बघ. मिळेल असं मला वाटत नाही.

तुझीच,
ताई

आज सकाळी साहेबांच्या हाती दिलं: भांडं एक, झाकणासह. उरलेली कोरी वाळू, एक पुडी. दळणखोलीची किल्ली. वाळूचा अहवाल, मला मिळाल्याची तारीख त्यावर माझ्या अक्षरात. पोच घेतली.