चौदा नंबरचं पाणी

प्रिय आबा,

सणसरला फोनच लावणार होते. पण तुम्ही "बरं, बघू" म्हणून तो आईच्या हातात दिला असता, म्हणून पत्र.

आधी आनंदाची बातमी. इथं बारामतीत, आमच्या कॉलेजात, यंदा रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं वेळ संपली तरी हलत नाहीत. मी एवढंच केलं, की ज्याला त्याला आपल्या गावचं पाणी आणायला सांगितलं. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून पाण्याचे छत्तीस नमुने आले! त्यात आधी पिवळा रंग दाखवणारं रसायन घालायचं, मग द्रावण थेंब थेंब सोडायचं, पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितका खारेपणा जास्त. डाळजची राजनंदिनी वर्षभर मागच्या बाकावर डुलक्या काढायची. तिनं आपलं पाणी चारदा तपासलं. "आमच्याच विहिरीचं हाय मॅडम, चुकून चालायचं न्हाय." आकडा चांगला निघाला, तर अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

चौदा नंबरच्या बाटलीवर मात्र गावाचं नाव नव्हतं. थेंब सोडून हात अवघडले तरी रंग पालटेना. सगळे भोवती गोळा झाले. शंभूराज म्हणाला, "हे उसाला देत्यात? रान पांढरं पडलं असंल." आणि राजनंदिनी म्हणाली, "त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलंच नसंल. त्यो आणखी पाणी देत असंल, अन् मीठ वाढतच असंल." मी कोरा फळा पुसत राहिले.

आबा, ती बाटली मी दिवाळीत आपल्या विहिरीवर भरली होती. गेल्या साली मी खालच्या रानाला पाणी कमी द्या म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "ऊस काय उंट हाय व्हय?" मी हसून विषय सोडून दिला. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतेय, पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी वर्गाला खरं सांगून टाकलं. आणि मग नुसता गलका! चर खणू, आधी माती तपासू, मग जिप्समचं ठरवू, खताला ताग पेरून गाडू. आबा, रान सुधारतं. म्हणून मागणं मागतेय: खालचं अर्धा एकर रान आम्हाला द्या. रविवारी छत्तीस जण येतोय, आईला पिठलं-भाकरीचं सांगा. पण पांढरा डाग कुठल्या साली, कुठल्या बांधापासून सुरू झाला, हे आमच्या कुठल्याच बाटलीत दिसत नाही. ते तुम्ही शिकवायचं. राजनंदिनीनं तुमचं नाव वेळापत्रकात लिहूनसुद्धा टाकलंय: 'रविवार, पहिला तास, बिरदेव सर.'

तुमचीच,
स्वप्नाली